विल्यम्स, ॲलन
(९ जून १९२७ – २ जून २००५). ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ व आरोग्य-अर्थशास्त्राचे एक प्रवर्तक. यॉर्क विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले. मर्यादित निधी कोणत्या उपचारांवर खर्च करावा, हा त्यांच्या संशोधनाचा केंद्रविषय होय. उपचारांच्या तुलनेसाठी त्यांनी ‘गुणवत्ता-समायोजित आयुर्वर्ष’ हे एकक वापरले. त्यात पूर्ण आरोग्याच्या एका वर्षाचे मूल्य १ व मृत्यूचे शून्य धरतात. त्यामुळे ०·५ मूल्याच्या प्रकृतीत काढलेली चार वर्षे दोन निरोगी वर्षांबरोबर ठरतात.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील १९८५ च्या लेखात त्यांनी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेची अन्य उपचारांशी तुलना केली. असे एक वर्ष मिळविण्यास पेसमेकरद्वारा सु. ७०० पौंड, कृत्रिम खुब्याद्वारा ७५० पौंड, तर रुग्णालयातील डायालिसिसद्वारा १४,००० पौंड खर्च येतो, असे त्यांचे अनुमान होते. डाव्या मुख्य हृद्‌रोहिणीचा विकार व तीव्र हृद्‌शूल असलेल्या रुग्णांत बायपासचा हा खर्च सु. १,०४० पौंड, तर सौम्य विकारात तो पुष्कळच अधिक आढळला. म्हणजेच उपचार एकच असला, तरी त्याची किफायत रुग्णपरत्वे बदलते.

या पद्धतीने वृद्ध व अपंग यांच्यावर अन्याय होतो, अशी टीका झाली. एका रुग्णावरील खर्च म्हणजे दुसऱ्याच्या उपचाराचा त्याग होय. हिशेब टाळल्याने तो त्याग टळत नाही, अशी विल्यम्स यांची भूमिका होती. इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यमापन संस्थेने पुढे हेच एकक स्वीकारले.