सात जागा, बारा पोरं

मेहरूणच्या तलावाला संध्याकाळची फेरी मारली की माझे पाय आपोआप कबड्डीच्या मैदानाकडे वळतात. थंडीचे दिवस असले तर खिशात बोरं. अर्थात मेहरूणचीच; दुसरीकडच्या बोरांना आम्ही बोरं म्हणत नाही. मैदानात पोरं पासष्ट किलो गटाची तयारी करत असतात. घाम गाळणारे बारा, सामन्यात उतरणार सात. त्यातल्या सगळ्यात बारक्याचं रोजचं पालुपद ठरलेलं: “सर, आज तरी माले टाका ना!” सरांचं उत्तरही ठरलेलं: “आधी मैदानावर पाणी मार.”

तर, संघात जागा मिळवण्याच्या या भानगडीतल्या काही गमती.

दोनदा कमवायची जागा. क्रिकेटमध्ये अकरात नाव आलं की निदान क्षेत्ररक्षण तरी पूर्ण वेळ मिळतं. कबड्डीत सातात येऊनही बाहेर बसावं लागतं. तीस सेकंदांची एक चढाई फसली की झालात बाद. परत कधी यायचं हे तुमच्या हातात नाही. सोबत्यांनी समोरचा गडी मारला तरच तुमच्यातला एक उठतो, तोही ज्या क्रमानं बाद झाला त्या क्रमानं. आणि बाद गड्याच्या जागी राखीव खेळाडू घालता येत नाही. म्हणून सातात एकच चढाईपटू ठेवून कुणाचं भागत नाही, दोन-तीन लागतातच. आमच्या बारक्याची सगळी आशा या ‘तीन’वर आहे.

बोनसची खोच. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा ओलांडली की गुण मिळतो, टाळ्याही मिळतात. पण बोनसच्या गुणानं बाद गडी उठत नाही. हे नव्या प्रेक्षकाला हमखास माहीत नसतं आणि शेजारचा काका ते हमखास समजावून सांगतो. (इथे तो काका मीच.)

मुद्दाम लोण. मुख्य चढाईपटू बाहेर अडकलाय, आत एक-दोनच उरलेत आणि कुणी उठण्याची चिन्हं नाहीत. अशा वेळी काही संघ सरळ लोण घेतात, म्हणजे उरलेलेही बाद होऊ देतात. समोरच्याला दोन गुण जास्तीचे जातात, पण आपले सातही जण एकदम मैदानात. हिशेब पटला तर तोटा नाही.

तिसरी चढाई कुणाची? प्रो कबड्डी लीगमध्ये सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. मोठा गडी वाचवायचा म्हणून या ‘करो या मरो’ला बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा चढाईपटू पाठवतात. काम जोखमीचं, पण नवख्याला ओळख मिळते ती अशाच कामातून. अमेरिकी फुटबॉलमध्येही तेच. तिथे चेंडू फेकणारा एक आणि झेलायला टपलेले वाईड रिसीव्हर कितीतरी. ५३ जणांच्या संघात टिकायचं तर नवख्यानं आधी किकच्या वेळी धावाधाव करून अंगावर घ्यायचं. म्हणजे त्यांच्याकडेही पाणी मारायचं काम आहेच.

बाकावरचा पवन. माझा सगळ्यात लाडका किस्सा हा. प्रो कबड्डीच्या २०१७ च्या हंगामात चढाईपटू पवन सेहरावत गुजरातकडे होता. तिथे चढाईची मदार सचिन तंवरवर, पवनला संधी तुरळक. पुढच्या हंगामात तो बंगळुरूकडे गेला आणि चढाईचे २७१ गुण घेऊन बसला. जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात समोर कोण? गुजरातच! बंगळुरू ३८, गुजरात ३३, आणि त्या ३८ मध्ये एकट्या पवनचे २२. बाकाचं व्याज म्हणतात ते हे.

पण चाक फिरतंच. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजनं २ कोटी २६ लाख मोजून पवनला घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्याची पोकळी भरली नरेंदर नावाच्या नवख्या पोरानं, त्याचा पहिलाच हंगाम, गुण दोनशेच्या पार.

आपली माणसं. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईनं २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात २१८ गुण घेतले. पुढच्या लिलावात भाव गेला १ कोटी ४५ लाखांवर. पुणेरी पलटणकडे तर चढाईपटूंची एवढी गर्दी की कुणाला बसवायचं हीच अडचण. १ मार्च २०२४ ला हरयाणाला २८-२५ असं हरवून त्यांनी पहिलं विजेतेपद घेतलं. कर्णधार होता नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. पण अंतिम सामन्यात एका चढाईत चार गुण आणले ते पंकज मोहितेनं.

राजाही सुटत नाही. प्रदीप नरवालच्या २०१७ च्या हंगामातल्या ३६९ गुणांची आठवण अजून निघते. त्याचाही पहिला हंगाम बाकावरच जास्त गेला होता. पुढे १८०० हून अधिक गुण झाले, ‘डुबकी किंग’ म्हणून पोरं नाव घ्यायला लागली. आणि २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कुणी बोलीच लावली नाही. त्यानं निवृत्ती जाहीर केली.

हे सगळं मी बारक्याला सांगितलं. त्यानं माझ्या हातातली चार बोरं उचलली आणि म्हणाला, “काका, त्यापेक्षा सरांना सांगा ना.”

सांगितलं नाही, पण त्या रविवारी त्याला शेवटची सहा मिनिटं मिळाली. तीन चढाया केल्या. पहिली रिकामी, दुसरी रिकामी, तिसरीत बोनस. पोरानं दोन्ही हात वर करून मैदानभर उड्या मारल्या. बाहेर बसलेला आमचा मोठा चढाईपटू मात्र बसूनच राहिला.