पळायचं नाही, फक्त चालायचं!

पुढचं वाचण्याआधी एक गंमत करून बघा. शाळेच्या मैदानावर चालायला लागा आणि वेग वाढवत न्या. भरभर, आणखी भरभर! थोड्याच वेळात पाय तुम्हाला न विचारताच पळायला लागतील. ताशी सात किलोमीटरच्या आसपास बहुतेकांचं असंच होतं.

आता नैरोबीला चला. २१ ऑगस्ट २०२१. केनियाच्या या राजधानीत वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती आणि त्या दिवशी होती मुलांची १०,००० मीटर चालण्याची शर्यत. चारशे मीटरच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या! केनियाच्या हेरिस्टोन वानयोनीने हे अंतर ४२ मिनिटं १०.८४ सेकंदांत कापलं. म्हणजे ताशी चौदा किलोमीटरहून जास्त वेग, तोही पूर्णवेळ चालत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त पावलं! तुम्ही पळूनही एवढा वेग दहा किलोमीटर टिकवू शकाल का?

खरं आश्चर्य पुढेच आहे. चालताना एक पाय जमिनीवर टेकलेला असतो आणि शरीर त्याच्यावरून कमानीत पुढे जातं. कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक कागदावर रोवून वरचं टोक इकडून तिकडे झुकवा, तशीच कमान. या कमानीवरून जाताना शरीराला खाली ओढून धरायला बळ लागतं. ते काम करतं गुरुत्वाकर्षण. पण वेग वाढला की ओढही जास्त लागते आणि पृथ्वीची ओढ काही वाढत नाही! पाय नव्वद सेंटीमीटर लांब असेल, तर हिशेबाने ताशी साधारण पावणेअकरा किलोमीटरला ही ओढ अपुरी पडते आणि शरीर जमिनीवरून सुटतं. (चंद्रावर गुरुत्वाकर्षण इतकं कमी आहे की तिथे ही मर्यादा ताशी सव्वाचार किलोमीटरच्या जवळपास येते. अंतराळवीर तिथे टुणटुण उड्या मारत का फिरायचे, कळलं?)

मग ही मुलं चौदाच्या वेगाने कशी चालली? कमरेच्या जोरावर. प्रत्येक पावलाला कमरेची एक बाजू पुढे वळते, त्यामुळे पाऊल लांब पडतं. शिवाय हवेतल्या पायाच्या बाजूची कंबर थोडी खाली जाते आणि शरीराची कमान चपटी होते. कमान जितकी चपटी, तितकी ओढ कमी लागते. त्यांचं ते डुलत चालणं पाहून काही जण हसतात. मला मात्र त्यात शरीराने सोडवलेलं गणित दिसतं आणि दरवेळी थक्क व्हायला होतं.

नियम दोनच, पण भारी कडक. दोन्ही पाय एकदम हवेत दिसता कामा नयेत. आणि पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून तो शरीराखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. पंच हे नुसत्या डोळ्यांनी पाहतात, कॅमेऱ्याने नाही. चूक होतेय असं वाटलं, तर पिवळी पाटी दाखवतात. चूक नक्की झाली, तर लाल कार्ड. तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं आली, की आता बऱ्याच स्पर्धांत दहा किलोमीटरसाठी पूर्ण एक मिनिट बाजूला थांबावं लागतं. चौथं आलं, की शर्यत संपली!

एक मिनिट म्हणजे किती, ते नैरोबीच्या निकालात बघा. हरियाणातल्या रोहतकचा अमित खत्री बराच वेळ सर्वांत पुढे होता. नैरोबी शहर आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही थोड्या जास्त उंचीवर, हवा विरळ, दम लवकर लागतो. शेवटच्या काही फेऱ्यांत अमित पाणी घ्यायला गेला आणि वानयोनी पुढे निघाला. अमितची वेळ ४२ मिनिटं १७.९४ सेकंद. फरक जेमतेम सात सेकंदांचा! भारताला रौप्यपदक मिळालं आणि स्पेनच्या पॉल मॅकग्राला कांस्य.

पुढच्या वेळी टीव्हीवर ही शर्यत लागली, तर चॅनल बदलू नका. आधी चालणाऱ्यांची कंबर बघा, मग पुढच्या पायाचा गुडघा, आणि स्वतः पंच होऊन कुणाला पिवळी पाटी दाखवावी लागते का, ते ठरवा.