तेलाचे भंजन : जाळणे नव्हे, तोडणे

खनिज तेल हे एकजिनसी द्रव्य नव्हे. कार्बन व हायड्रोजन यांच्या लहानमोठ्या रेणूंचे ते मिश्रण होय. ऊर्ध्वपातनाने त्यातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळे होते आणि मोठ्या रेणूंचे जड तेल तळाशी उरते. यातील पेट्रोलचा वाटा निसर्गानेच ठरविलेला असतो. मोटारी वाढल्या तसा तो अपुरा पडू लागला.

त्यावर उपाय सापडला तो भंजनाचा. १८९१ मध्ये रशियात व्लादिमीर शुखोव्ह यांनी अशा पद्धतीचे पेटंट घेतले. अमेरिकेत विल्यम बर्टन यांना १९१३ मध्ये ते मिळाले. बर्टन यांच्या पद्धतीत जड तेल दाबाखाली सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाई. उष्णतेने कार्बन अणूंमधील बंध तुटून लांब साखळीचे तुकडे होत आणि तेवढ्याच कच्च्या तेलातून जवळजवळ दुप्पट पेट्रोल मिळे.

याच तत्त्वावर प्लॅस्टिक उद्योगही उभा आहे. नाफ्था अथवा इथेन वाफेसह ८०० अंशांच्या आसपास क्षणार्धात तापविला, की इथिलीन वायू मिळतो. त्याचे रेणू एकमेकांस जोडले म्हणजे पॉलिथिन तयार होते. रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथील प्रकल्प मुंबई हायच्या वायूतील इथेन व प्रोपेन यांच्या भंजनासाठीच उभारण्यात आला.

पॉलिथिनची ही लांब साखळी सहजासहजी कुजत नाही. मात्र बंद पात्रात, हवेचा संपर्क टाळून ती ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापविल्यास पुन्हा तुटते आणि तेल व वायू मिळतात. ‘हवेचा संपर्क टाळून’ हीच यातील मुख्य अट आहे. गावाबाहेरच्या उकिरड्यावर पिशव्या पेटविल्या, तर तेल हाती लागत नाही. अर्धवट ज्वलनाचा धूर व काजळी तेवढी पसरते. त्यात पीव्हीसीचे तुकडे असल्यास हायड्रोजन क्लोराइडसारखा दाहक वायूही निघतो. म्हणूनच २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी, असा कचरा उघड्यावर जाळला जाणार नाही हे पाहण्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही सोपविली.

भंजनाचा कारखाना प्रत्येक गावात उभा राहणार नाही, हे उघड आहे. परंतु प्लॅस्टिक कोरडे व वेगळे ठेवणे, पीव्हीसी त्यात मिसळू न देणे आणि ते पुनर्वापर करणाऱ्यांच्या स्वाधीन करणे गावाच्या हाती आहे. जाळणे आणि तोडणे यांतील हा भेद शाळेच्या फळ्यावरून ग्रामसभेपर्यंत पोहोचावयास हवा.