वनस्पतिनामांचा अर्थनिर्णय व चित्रांकन : ‘घागरी’चे उदाहरण

भिवंडी तालुक्यातील अकलोलीसारख्या गावी, तानसेच्या काठी, बोलीतील शब्द टिपणाऱ्या अभ्यासकास कोणी पिवळ्या फुलांचे झुडूप दाखवून ‘घागरी’ किंवा ‘खुळखुळा’ हे नाव सांगितले, तर शब्दाची नोंद होते. अर्थाची होतेच असे नाही. वाळलेल्या फुगीर शेंगेत सुट्या झालेल्या बिया वाजतात, यावरून ही नावे पडली. ‘क्रोटॅलेरिया’ हे शास्त्रीय प्रजातिनामही एका ग्रीक तालवाद्याच्या नावावरून आलेले आहे. परंतु शेंगेचा हा नाद अनेक जातींत आढळतो. म्हणून त्यावर आधारलेले नाव प्रजाती सुचविते, जाती निश्चित करीत नाही.

जातिनिर्णयासाठी अवयवच पाहिले पाहिजेत. ध्वज, दोन पंख व नौतल ही पतंगरूप पुष्पाची रचना, नौतलाची चोच आणि तळाशी जुळलेले दहा केसर ही लक्षणे या प्रजातीत सर्वत्र दिसतात. भेद अन्यत्र आहे. क्रोटॅलेरिया रेटुसा, म्हणजे घागरी, हिचे पान टोकाशी बोथट वा किंचित खाचदार असते व शेंग गुळगुळीत असते; क्रोटॅलेरिया जुन्सिया, म्हणजे ताग, याचे पान अरुंद व शेंग मखमली लवेची असते. ताग वाखासाठी व हिरवळीच्या खतासाठी पेरतात. घागरीतील मोनोक्रोटॅलीन हे द्रव्य गुरांच्या यकृतास घातक आहे. यास्तव या दोहोंची गल्लत हा केवळ कोशातील दोष राहत नाही.

या बाबतीत पूर्वसूरींची पद्धती उद्बोधक आहे. १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’मधील अनेक चित्रांवर देशी नावे नागरी लिपीतही कोरलेली आहेत, रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी वैद्यांचे त्या कार्यास साहाय्य होते. नाव व चित्र एकत्र असल्यामुळेच ती नावे आजही पडताळता येतात. पुण्याजवळील दापोडीच्या उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० मध्ये करविलेली चित्रेही अशीच उपयुक्त आहेत.

तात्पर्य, बोलीसंग्राहकाने वनस्पतिनामासोबत फूल व शेंग असलेली वाळविलेली फांदी, सुट्या अवयवांचे मापासह रेखाटन, स्थळ व दिनांक यांची नोंद ठेवावी. एरवी कोशात ‘एक प्रकारचे झुडूप’ एवढाच अर्थ उरतो, आणि तो शब्द वापरणारी पिढी गेल्यावर त्याची शहानिशा करण्याचा मार्ग राहत नाही.