गोधडीचे दोरे

गोधडी दोन टप्प्यांत होते. आधी थर रचायचे, मग दोरे भरायचे. थर रचायला एखादी दुपार पुरते. दोरे भरण्यात कधी पंधरवडा जातो, कधी सगळा उन्हाळा. गोधडी अंगावर कशी पडेल, धुतल्यावर सपाट राहील की गोळा होईल, किती वर्षे टिकेल, हे बरेचसे या दुसऱ्या टप्प्यावर ठरते. टाक्याचा नमुना आणि दोरा निवडणे हे मुळात बांधणीचे काम आहे. देखणेपण त्याच्या मागून येते, आणि बहुतेक वेळा आपोआप येते.

नमुना ठरवताना पहिला प्रश्न पोटात काय आहे हा. विदर्भात थंडीचा नीचांक अनेकदा गोंदियात नोंदवला जातो; डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. शहराला लागून असलेल्या कुडव्यासारख्या गावात अशा रात्रींना दोन प्रकारचे पांघरूण चालते. एक रजई, म्हणजे दोन कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस. दुसरी गोधडी, तिच्या पोटात नुसते जुने कापड. कापूस सुटा असतो. दोऱ्यांच्या ओळी फार लांब पडल्या, तर तो दोन-चार महिन्यांत सरकतो. एका कोपऱ्यात गाठोडे जमते आणि बाकीची रजई रिकामी खोळ होते. पातळ थरात पसरलेला कापूस जागेवर ठेवायचा, तर ओळींत दोन-तीन बोटांहून जास्त अंतर परवडत नाही. पण ओळी दाट घेतल्या की कापूस दबतो, त्यात कोंडलेली हवा कमी होते आणि ऊबही कमी होते. पिंजारी रजईला मोठमोठे, विरळ टाके घालतो त्यामागे हा हिशेब आहे, आणि काही वर्षांनी ते उसवून कापूस पुन्हा पिंजायचा आहे हेही त्याने धरलेले असते.

गोधडीत ही अडचण नाही. नऊवारी लुगडे म्हणजे 27 फूट कापड. त्याच्या चार घड्या केल्या की पावणेसात फूट लांबीचा, माणूसभर तुकडा होतो. चौघडी हा शब्द या घडीतूनच आला. अशी दोन लुगडी एकावर एक आली की आठ थर होतात. हे थर अखंड असल्यामुळे सरकून गोळा होत नाहीत, एकमेकांवर घसरतात मात्र. म्हणून गोधडीचा टाका थर भेदून जाणारा हवा. ओळींचे अंतर दोन बोटे असो की चार, त्याने फारसे बिघडत नाही.

नमुन्याची दिशा हा खरा गुंतागुंतीचा भाग. पाश्चात्त्य पुस्तके मधून सुरुवात करून कडेकडे जायला सांगतात, म्हणजे कापडाचा सैलपणा बाहेर ढकलला जातो. आपल्याकडची जुनी रीत नेमकी उलटी आहे. आधी चारी कडा बंद करायच्या, मग कडेला समांतर आत आत फिरत जायचे. चौकटीत चौकट येत शेवटचा टाका मध्यावर पडतो. दोन्ही रीती बरोबर आहेत, कारण दोन्हींची बैठक वेगळी. तिकडे कापड लाकडी चौकटीवर ताणलेले असते. इकडे गोधडी जमिनीवर पसरलेली आणि शिवणारी तिच्यावरच बसलेली. तिच्या वजनाने थर जागचे हलत नाहीत, एक बाजू झाली की ती पुढच्या बाजूला सरकते आणि फिरत फिरत चौकोन लहान होत जातो. कडा आधी पक्क्या झाल्याने जुन्या कापडाचे धागे सुटत नाहीत. धोका एकच: सैलपणा आत साठत जातो आणि मध्याशी फुगा धरतो. त्यावर उपाय सुरुवातीलाच करायचा. सगळ्या पृष्ठभागावर वीतभर अंतराने कच्चे टाके घालून घ्यायचे आणि प्रत्येक फेरीला तळहाताने कापड आतल्या बाजूला सारखे करत जायचे. हे कच्चे टाके वाचवण्याचा मोह अनेकींना होतो. तो फुगा मग जन्मभर दिसत राहतो.

उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी नावाची गोधडीही अशीच कोपऱ्यापासून निघून आत वळत जाते. फरक असा की वरची ठिगळे आधी जोडलेली नसतात; टाका पुढे जाईल तसतशी ती लावली जातात. चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घडीची फुले आली की कवंदी पुरी झाली. या फिरत्या नमुन्याखेरीज, लांबीला समांतर सरळ ओळी हा सर्वांत सोपा नमुना. तो मऊ पडतो, पण आडव्या दिशेला गोधडी ताणली जाते. आडव्या-उभ्या ओळींच्या चौकटी, किंवा त्याच तिरप्या घेतलेल्या शंकरपाळ्या, दोन्हीकडून ताण घेतात. रोज धुण्यातल्या, मुलांच्या गोधडीला त्या बऱ्या. चौकटींचा विषय निघाला की एक जुना संदर्भ आठवतो. विनयपिटकातील महावग्गात बुद्ध मगधातली बांध घातलेली शेते दाखवून आनंदाला भिक्षूंचे चीवर त्या धर्तीवर बेतायला सांगतात. गोंदियातल्या धानाच्या बांध्या आणि त्यांचे धुरे पाहणाऱ्याला हा नमुना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

टाका केवढा घ्यायचा हे थर ठरवतात. तीन-चार थर असतील तर तांदळाच्या दाण्याएवढा टाका जमतो. जपानी साशिको शिवणकामातही त्याच मापाची उपमा देतात. आठ थरांत तसा टाका घ्यायला गेले की सुई वाकते, अंगुस्तान असूनही बोट सोलते, आणि खालच्या बाजूला टाका पोचतच नाही. तिथे मोठी सुई आणि दोन दाण्यांचा टाका बरा.

आता दोरा. सुती दोऱ्याचा नंबर उलटा चालतो: एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लड्या बसतील तितका सुताचा नंबर. म्हणजे 40 नंबरी सूत 20 नंबरीपेक्षा बारीक. त्यापुढे पदर आणि पीळ पाहायचे. एकपदरी दोरा जाड कापडातून दहा वेळा ओढला की पिंजतो, तीनपदरी टिकतो. दोरा सुती की पॉलिएस्टर हे ओळखायला टोक जाळावे. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतो. पॉलिएस्टर मजबूत असतो, म्हणून तोच घ्यावा असा सल्ला दुकानात मिळतो. जुन्या लुगड्यांच्या गोधडीसाठी तो सल्ला चुकीचा आहे. विरलेल्या कापडाला ताण बसला तर काहीतरी तुटणारच; दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड फाटले तर ठिगळ लागते. त्यामुळे दोरा कापडाहून किंचित दुबळा असावा. सूत ओले झाल्यावर जास्त बळकट होते, हाही सुती दोऱ्याचा फायदा, कारण भिजलेली गोधडी उचलताना टाक्यांवर सर्वाधिक भार येतो. नव्या, जाड, मिश्र धाग्याच्या कापडाला मात्र पॉलिएस्टर चालतो.

चमक हवी असेल तर मर्सराइझ केलेला दोरा घेतात. जॉन मर्सरने 1844 मध्ये दाहक सोड्याची ही प्रक्रिया शोधली. चमक मात्र 1890 मध्ये होरेस लो याने सूत ताणून धरल्यावर आली. भरतकामाची सहापदरी लडी 8 मीटरची मिळते, आणि इथे हिशेब डोळे उघडतो. दोन मीटर लांब, 1.1 मीटर रुंद गोधडीवर 2 सेंटिमीटर अंतराने ओळी घेतल्या तर 110 मीटरची शिवण होते. थरांतून वरखाली जाताना दोरा सव्वापट लागतो. दुहेरी घेतला तर 275 मीटर. एवढ्या लड्या घेण्यापेक्षा रीळ स्वस्त पडते. अंतर 4 सेंटिमीटर केले की खर्च निम्मा. बंगालच्या कांथ्यात दोराही जुन्या साड्यांच्या काठांतून ओढून काढत. तिथे हिशेब निराळा.

रंगाबद्दल थोडक्यात: लाल, काळा आणि गडद निळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून पाहावा. रंग लागला तर तो बाजूला ठेवावा. कापड रंगीबेरंगी असेल तर एकच पांढरा दोरा सगळ्या ठिगळांना एकत्र धरतो, पण चुकलेला टाकाही तोच दाखवतो.

दोरा हातभरच घ्यावा, त्यावर मेणाचा तुकडा फिरवावा. लांब दोरा गुंततो आणि प्रत्येक ओढीत पिंजतो. गाठ वर ठेवू नये, हलकेच ओढून थरांत लपवावी आणि संपताना शेपूट दोन बोटे आत फिरवून कापावे. गाठ वर राहिली तर झोपणाऱ्याला टोचते आणि धोपटण्याने सर्वांत आधी तीच सुटते.

खूप विरलेली गोधडी टाकत नाहीत, ती नव्या गोधडीच्या पोटात जाते. तेव्हा तिच्या जुन्या ओळींच्या चरांवरून नवी ओळ नेऊ नये. सुई जुन्या दोऱ्यात अडकते आणि त्याच रेषेवर कापड आधी झिजलेले असते. जुन्या ओळी उभ्या असतील तर नव्या आडव्या घ्याव्यात. चौकटी असतील तर तिरप्या.