घरांतला बिब्बा

जुळत आलेल्या कामांत कोणीं मोडता घातला म्हणजे ‘त्यानें बिब्बा घातला’ असें आपण सहज म्हणतों. परंतु ज्या फळाचें नांव या वाक्प्रचारांत आहे, तें शहरांतील किती मुलांनीं हातांत घेऊन पाहिलें असेल? दारावर लिंबू-मिरचीबरोबर ओवलेलें तें काळें, चपटें, चकचकीत बी, एवढीच त्याची ओळख आतां उरली आहे. माझ्या लहानपणीं परीट धोतराच्या कोपऱ्यावर जी काळी खूण करी, ती याच फळाच्या तेलाची असे. धोतर फाटून जाई, पण खूण जात नसे. मी वैद्य नव्हे, निवृत्त शाळामास्तर आहें. तरी या फळानें मला एक धडा दिलेला असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें.

संस्कृत ग्रंथांत बिब्ब्याला भल्लातक म्हणतात. आंबा आणि काजू ज्या कुळांतले, त्याच कुळांतलें हें झाड असून आपल्या पानझडी जंगलांत तें आढळतें. काजूप्रमाणेंच येथेंही देठाकडचा भाग फुगून नारिंगी होतो आणि बी त्याच्या टोकाला लागतें. तो फुगलेला भाग वाळवून खातात. बियाच्या आंतला पांढरा गर म्हणजे आपली गोडंबी. बाळंतिणीच्या लाडवांत ती आवर्जून घालतात. भानगड आहे ती मधल्या टरफलाची. त्याच्या पोकळ्यांत एक दाट, दाहक तेल भरलेलें असतें आणि हवा लागतांच तें काळें पडतें. औषध त्या तेलांत आहे, आणि विषही त्यांतच आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, अगदीं पहिल्या अध्यायांत, रसायनांमध्यें भल्लातकाला मानाचें स्थान आहे. कफाच्या सर्व विकारांवर तें लवकर गुण देतें, असें त्या ग्रंथाचें मत. मूळव्याध, कृमि, त्वचेचे रोग, आमवात यांवरही वैद्य तें योजीत आले आहेत. परंतु ही स्तुति वाचून थांबणारा वाचक अर्धेंच वाचतो. फळें उन्हाळ्याच्या महिन्यांत गोळा करावीं, चार महिने जवाच्या किंवा उडदाच्या राशींत पुरून ठेवावीं, आणि मग मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत, तेंही शीत, स्निग्ध व मधुर आहारानें शरीर आधीं तयार करून, प्रयोगास आरंभ करावा, असें तेथें सांगितलें आहे. दहा फळें ठेचून आठपट पाण्यांत उकळावीं, आठवा हिस्सा उरला म्हणजे तो काढा दुधाबरोबर घ्यावा, आणि घेण्यापूर्वीं तोंडाला आंतून तूप लावावें. रोज एकेक फळ वाढवीत तिसापर्यंत जावें व पुन्हा तसेंच उतरावें. तोंडाला तूप कां, हें ज्यानें ओठावर बिब्ब्याचा थेंब घेतला असेल त्यालाच विचारावें!

पुढील ग्रंथांत या अटींना शोधनाची जोड मिळाली. बिब्ब्याचें देठाकडील टोंक कापून तो विटेच्या भुकटींत चोळतात, म्हणजे वरचें तेल वीट शोषून घेते. मग गरम पाण्यानें धुवून तो दुधांत उकळतात. गर्भिणी, लहान मुलें आणि पित्तप्रकृतीचीं माणसें यांना वैद्य तो देत नाहींत. आपल्या कपाटांत असणाऱ्या संजीवनी वटींतही शोधलेला बिब्बा असतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

आतां माझा धडा. टाचेच्या भेगांवर आजी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरी आणि त्याचा चटका देई, हें मीं पाहिलें होतें. त्या आठवणीच्या जोरावर, पत्नीचा गुडघा दुखूं लागला तेव्हां शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मीं बाजारांतून दोन बिब्बे आणले आणि तेल गुडघ्यावर लावलें. दुसऱ्या दिवशीं कातडी लाल झाली, तिसऱ्या दिवशीं फोड आले, बिब्बा उतला! पंधरा दिवस ती धड बसूं शकली नाहीं. आजी किती लावी, कोणाला लावी, कोणाला लावीत नसे, हें मीं कधीं विचारलेंच नव्हतें. काळा डाग अजून आहे, आणि तो दिसला कीं मी विषय बदलतों.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनीं नंतर समजावलें कीं या तेलांतील द्रव्यें आंब्याच्या चिकांतील द्रव्यांच्या जातीचीं आहेत. म्हणून चीक लागून ज्यांचें तोंड येतें, त्यांनीं तर बिब्ब्यापासून दूरच राहावें. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर असेच फोड उठले होते, आणि त्यांचें मूळ परटाच्या खुणेंत सांपडलें. अशुद्ध बिब्बा पोटांत गेल्यास मूत्रपिंडालाही इजा झाल्याचें नमूद आहे. सुजेवर त्याचा गुण प्रयोगशाळांत प्राण्यांवर दिसला आहे खरा, पण माणसांवरील पुरावा अजून तोकडा आहे. १९४५ च्या औषधविषयक नियमांच्या विषारी द्रव्यांच्या सूचींत भल्लातकाचा समावेश असल्यामुळें, तें ज्यांत आहे अशा पोटांत घेण्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीं घ्यावें’ अशी सूचना छापावी लागते. ती बारीक अक्षरांतली ओळ चष्मा लावून वाचावी.

चुकून तेल लागलेंच, तर नुसत्या पाण्यानें तें जात नाहीं. साबण लावून भरपूर पाण्यानें लगेच धुवावें, तो हात डोळ्यांना लावूं नये, फोड आल्यास फोडूं नयेत आणि डॉक्टरांकडे जावें. खोबरेल तेल लावण्याची घरगुती रीत आहे. तें दाह शमविण्यापुरतें धुतल्यानंतर लावावें.

आमच्या घरीं आतां बिब्बा येत नाहीं, गोडंबी मात्र येते. विदर्भांत बायका एकेक बिब्बा दगडावर फोडून ती काढतात. हाताला राख फांसली तरी तेल उडतेंच, आणि बोटें काळीं पडून सोलवटतात. यंदा लाडवांसाठीं पावशेर गोडंबी घेतांना दुकानदाराशीं भाव करण्यासाठीं मीं तोंड उघडलें होतें. पत्नीनें माझा हात दाबला आणि पैसे मोजले.