तामसीचा मे महिना आणि प्रोसेसरचा वेग

पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या टोकाला तामसी आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले. हा पट्टा इकडेच राहिला, आणि त्याच्या घराघरांतली मराठीही राहिली. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी ही इथली पिके. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा गावात आज बऱ्याच घरांत संगणक आहे: कुणी जिल्ह्याच्या ठिकाणाहून सुटे भाग आणून जोडलेला, कुणी शहरात नोकरी करणाऱ्या भावाचा जुना उचललेला. गेम खेळणारी, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी मुले ‘ओव्हरक्लॉक केला तर चालतं का?’ असे विचारतात. या प्रश्नाची इंटरनेटवर मिळणारी बहुतेक उत्तरे २०-२२ अंशांच्या थंड खोलीत बसून दिलेली असतात. तामसीसाठी ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत. का पडत नाहीत, हे समजून घेतले की ओव्हरक्लॉकिंगचे निम्मे शास्त्र हाती येते.

प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. मदरबोर्ड साधारण १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका पुरवतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. गुणक ३६ असेल तर वेग ३.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधल्या वेळात विजेचा संकेत ट्रान्झिस्टरांच्या एका रांगेतून पार होऊन पुढच्या टप्प्याला स्थिर व्हायला हवा. ठोके जवळजवळ आणले आणि संकेत वेळेत पोचला नाही, तर हिशेब चुकतो. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर जास्त चपळ होतात आणि संकेत वेळेत पोचतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे मुळात एवढेच: गुणक वाढवायचा आणि गरज पडली तर व्होल्टेजही वाढवायचे.

ही वाढ शक्य होते, कारण कंपनीने थोडी जागा राखून ठेवलेली असते. एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपा कधीच सारख्या नसतात. कंपनीला प्रत्येक चिपेची हमी द्यायची असते, आणि तीही वाईटात वाईट परिस्थितीत: खोली तापलेली, वीजपुरवठा डळमळीत, चिप काही वर्षे वापरून थकलेली. म्हणून खोक्यावर छापलेला वेग चिपेच्या खऱ्या ताकदीपेक्षा कमी असतो. स्वीडन किंवा कॅनडातल्या हौशी माणसाला ही राखीव जागा फुकट मिळालेली वाटते, कारण त्याच्या खोलीत ती वाईटात वाईट परिस्थिती सहसा येतच नाही. तामसीत ती दर उन्हाळ्यात येते. आपल्यासाठी राखून ठेवलेले आपण मे महिन्यात आधीच वापरत असतो. मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

या छंदाचा सुवर्णकाळ १९९८ साली आला. इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. वेग ३०० मेगाहर्ट्झ, गुणक ४.५वर कुलूपबंद. पण मदरबोर्डाचा मूळ ठोका ६६वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने धावू लागे, आणि तेव्हाच्या कितीतरी महागड्या पेंटियम २च्या बरोबरीला येई. पन्नास टक्के वेग जवळजवळ फुकट! पुढे २०००च्या सुमाराला एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉनवरचे काही तुटक बिंदू साध्या पेन्सिलीच्या शिशाने जोडून गुणकाचे कुलूप उघडण्याची युक्ती जगभर पसरली.

ते दिवस संपले, त्याला कारण उष्णता. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ची घोषणा केली होती आणि २००४मध्ये ती मागे घेतली. एकाच गाभ्याचा (कोअरचा) वेग वाढवत नेण्याच्या वाटेवर भिंत आली होती. त्यानंतर सगळे जग एकाच चिपेत अनेक गाभे बसवू लागले. अनेक साध्या प्रोसेसरांकडून एकत्र काम करून घेण्याचा विचार मराठी वाचकाला नवा वाटू नये. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो अनेक ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडूनच. तंत्र वेगळे आणि प्रमाणही वेगळे, पण एकावरच सगळा भार टाकण्याची मर्यादा विदर्भातल्या एका माणसाच्या चमूने आपल्याकडे तेव्हाच ओळखली होती, याचा मला अभिमान वाटतो.

आणखी एक बदल झाला. २००८पासून इंटेलने आणि नंतर एएमडीनेही प्रोसेसरला स्वतःहून वेग वाढवण्याची सोय दिली. थंडावा आणि वीज पुरेशी असेल तोवर तो वर चढतो, तापला की उतरतो. म्हणजे राखीव जागेतला मोठा वाटा आता कारखान्यातच वापरला जातो. हाताने ओव्हरक्लॉक करून आज जे मिळते ते बहुधा पाच-दहा टक्के.

त्या दहा टक्क्यांची किंमत कागदावर मांडून पाहू. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा वेग दहा टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२०वरून १.३० करावे लागले. १.१ला १.३० भागिले १.२० याच्या वर्गाने गुणले की उत्तर येते साधारण १.२९. दहा टक्के वेगासाठी एकोणतीस टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णताच होते. १०० वॉटचा प्रोसेसर १२९ वॉटचा झाला.

आता साधा पंख्याचा कूलर धरा, जो दर वॉटमागे ०.४ अंश तापमान वाढू देतो. १०० वॉटला चिप भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी तापेल आणि १२९ वॉटला जवळपास ५२ अंशांनी. कॅबिनेटमधली हवा २५ अंशांची असेल तर आकडे येतात ६५ आणि ७७. काळजीचे काही नाही. पण पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी हवा ४० अंशांची, कॅबिनेटमध्ये ४५ अंशांची. तिथे काहीच न करता चिप ८५ अंशांवर असते आणि ओव्हरक्लॉक केल्यावर ९७वर. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान स्वतःला आवरतात आणि वेग उतरवतात. खटाटोप करून चढवलेला वेग चिप स्वतःच खाली आणते; हाती उरते फक्त जादा बिल आणि तापलेली खोली. कूलर कितीही महागडा घ्या, हवेवर किंवा पाण्यावर चालणारा कुठलाही कूलर चिपेला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. वेगाचे विक्रम करणारे द्रव नायट्रोजन ओततात ते यासाठीच. २०२२ साली स्वीडनच्या एल्मोर या ओव्हरक्लॉकरने इंटेलचा प्रोसेसर द्रव हेलियम वापरून ९ गिगाहर्ट्झपर्यंत नेला. असा विक्रम काही क्षणांचा असतो, त्यावर कुणी व्हिडिओ एडिट करत नाही.

खोली थंड करायला आपल्याकडे वाळ्याचा नाही तर गवताच्या ताट्यांचा कूलर असतो. संगणकाला त्याचा फायदा होतो, पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. ओलसर हवेत धूळ पंख्यांवर आणि पट्ट्यांवर चिकटून बसते, कोरडी असताना झटकली गेली असती ती मग चिखलासारखी जमते. कूलर दूर ठेवावा, खोलीची एक खिडकी उघडी ठेवावी, संगणक त्याच्या सरळ वाटेत नसावा.

मग कापूस. वेचणीनंतर भाव येईपर्यंत कितीतरी घरांत कापूस खोलीतच भरून ठेवतात. त्याचे तंतू हवेत तरंगतात आणि हीटसिंकच्या बारीक पट्ट्यांवर नमद्यासारखे बसतात. अशा घरात संगणक दर महिन्याला उघडून ब्रशने आणि ब्लोअरने साफ करावा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. आणि हे मी कळकळीने सांगतो: कापूस भरलेल्या खोलीत ओव्हरक्लॉक तपासण्यासाठी रात्रभर टेस्ट चालू ठेवून झोपू नका. स्वस्त पॉवर सप्लायमधली एक ठिणगी आणि शेजारी वर्षभराचे पीक, हा धोका कुठल्याही वेगासाठी घेण्यासारखा नाही.

वीज हा आमच्याकडचा दुसरा मुद्दा. फीडरच्या टोकाला, मोटरपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येते. चांगला पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टमध्ये निभावून नेतो. नाव नसलेला, लेबलावर ४५० वॉट छापलेला डबा तेवढी वीज खरोखर देईलच असे नाही. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर अचानक जास्त करंट मागतो आणि तेव्हाच असा डबा हात टेकतो. प्रोसेसरआधी पॉवर सप्लाय, यूपीएस आणि अर्थिंग यांवर पैसे घालावेत. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) अपडेट करताना वीज गेली तर मदरबोर्डच बंद पडू शकतो, म्हणून ते काम यूपीएसशिवाय करूच नये.

चिपेचे कायमचे नुकसान कसे होते? जास्त व्होल्टेज, जास्त करंट आणि जास्त उष्णता मिळून चिपेतल्या अतिसूक्ष्म तारांमधले धातूचे अणू हळूहळू सरकवतात. तार एका जागी झिजते, दुसऱ्या जागी फुगते. हे एका दिवसात दिसत नाही. वर्षभर सुरळीत चाललेला ओव्हरक्लॉक एक दिवस अडखळू लागतो. कारखान्याच्या पातळीवरही ही चूक होऊ शकते, हे अलीकडेच दिसले. २०२३मध्ये काही मदरबोर्डांनी मेमरीचा वेगवान प्रोफाइल लावताना रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज दिले आणि काही चिपा जळल्या. एएमडीला ते व्होल्टेज १.३वर मर्यादित करावे लागले. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे झिजून अस्थिर झाले, तेव्हा २०२४मध्ये कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आपण स्वतः केलेल्या ओव्हरक्लॉकचे नुकसान मात्र वॉरंटीत बसत नाही.

ओव्हरक्लॉक फसून संगणक बंद पडणे हा सोपा प्रकार. बायोसची बटण-बॅटरी काढून किंवा जम्पर लावून सेटिंग मूळपदावर येते. खरी भीती आहे ती चालू राहून चुकणाऱ्या संगणकाची. विशेषतः मेमरीचा वेग वाढवला असेल तर एखादा आकडा गुपचूप बदलतो आणि तशीच फाइल डिस्कवर लिहिली जाते. घरच्यांचे फोटो, जमिनीची कागदपत्रे, मुलांची प्रमाणपत्रे ज्या संगणकात आहेत, त्यातल्या फाइलींची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय बायोसला हात लावू नये.

तरीही शिकायचे असेल, आणि शिकावेच असे मला वाटते, तर रीत अशी. आधी आपला प्रोसेसर कुलूपबंद आहे का ते पाहावे: इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के असलेले प्रोसेसर आणि झेड मालिकेचे बोर्ड लागतात, एएमडीचे बहुतेक रायझन उघडे असतात, पण ए५२०सारख्या स्वस्त बोर्डांवर सोय नसते. एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्राम टाकून आठवडाभर नुसते तापमान पाहावे, दुपारचे वेगळे, पहाटेचे वेगळे. मग गुणक एकाने वाढवावा, चिपेवर पूर्ण भार टाकणारा प्राइम९५ चालवावा, आकडे वहीत लिहावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मेमरीसाठी मेमटेस्ट८६. व्होल्टेज वाढवायचेच तर ०.०१-०.०२च्या पावलांनी, आणि ८५ अंशांना थांबावे.

पण तामसीसाठी माझा कौल उलट दिशेला आहे. वेग पाच टक्के कमी करून व्होल्टेज १.२०वरून १.१०वर आणा. तोच गुणाकार केला तर १०० वॉटचे ८० होतात. मेच्या दुपारी ८५ अंशांवरची चिप ७७वर येते. पंखा शांत होतो आणि यूपीएसची बॅटरी जास्त वेळ पुरते. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. अनेक चिपा तर वेग जराही न सोडता थोडे कमी व्होल्टेज सहन करतात. तापल्यावर वेग उतरवण्याची वेळच न आल्यामुळे अशा चिपा दुपारी पूर्वीपेक्षा जलद चालतात. रायझनमध्ये ईको मोड असतो, तो नवशिक्यालाही एका क्लिकवर जमतो. ग्राफिक्स कार्डाचीही विजेची मर्यादा अशीच खाली आणता येते. अंडरव्होल्ट केलेला संगणकही प्राइम९५खाली तपासूनच घ्यावा.

आणि ज्यांचा संगणक नुसताच मंद वाटतो, त्यांनी आधी जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी, मेमरी ८ जीबी असेल तर १६ करावी, थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावावी. मी-सेवा केंद्रातले फॉर्म असोत की कॉलेजचा प्रोजेक्ट, या तीन गोष्टींनी जो फरक पडतो तो दहा टक्के गिगाहर्ट्झने पडत नाही.

थंडीत मात्र चित्र बदलते. पौष अमावास्येला केस्लापूरची नागोबाची जत्रा भरते, त्या दिवसांत आदिलाबाद जिल्ह्यात पहाटे पारा १० अंशांखाली जातो. तेव्हा चिपेला खरोखर मोकळी जागा असते, आणि प्रयोग करून शिकायचे ते दिवस हेच. बहुतेक बायोसमध्ये सेटिंगचे दोन-तीन वेगवेगळे प्रोफाइल साठवता येतात: एक हिवाळ्याचा, थोडा वर चढवलेला, एक उन्हाळ्याचा, व्होल्टेज उतरवलेला. दोन्हींचे आकडे वहीत असावेत, आणि होळीच्या आधी उन्हाळ्याचा प्रोफाइल लावून टाकावा.